डावीकडून तिसरं बटण

उस्तादांना हे नाव कुणी दिलं असं विचारलं, की ते मान खाली घालून नम्रपणे म्हणत, "लोकांनी." ही शुद्ध थाप होती. नाव त्यांच्या वडिलांचं होतं. वडील जुन्या काळी खालून दिवा लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायचे आणि टोकदार पेन्सिलीने एकेक डाग भरून काढायचे. एका चेहऱ्यावर त्यांची अख्खी दुपार जायची. काम हातात घेण्याआधी ते गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याच्याकडे नुसतं बघत राहायचे, इतका वेळ की नव्या माणसाला अवघडल्यासारखं व्हायचं. लोक त्यांना उस्ताद म्हणायचे ते यासाठी. ते गेले तेव्हा स्टुडिओ, दोन मोठे दिवे, एक फिरतं स्टूल आणि हे नाव असा सगळा माल मुलाच्या ताब्यात आला. मुलाने दिवे बदलले, स्टूल मोडीत काढलं. नाव तेवढं जपून ठेवलं, कारण ते सांभाळायला काही करावं लागत नव्हतं.

स्टुडिओच्या काउंटरवर उस्तादांची बायको बसायची. गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत. तिच्या वडिलांच्या वयाचेही. गिऱ्हाईक आलं की पावती करायची, फोटो कापायचे, पाकिटात घालायचे, आणि दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य म्हणायचं, "साहेब आत कामात आहेत." आत म्हणजे काउंटरमागची छोटी खोली. तिच्या दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी होती आणि दाराआड उस्ताद कॉम्प्युटरवर फोटो सुधारत असत. साधा ओळखपत्राचा फोटो असला तरी तो संध्याकाळच्या आत मिळत नसे. "हाताचं काम आहे," वहिनी सांगायच्या. "वेळ लागतो."

खरी गोष्ट वहिनींना कळली ती उस्तादांच्या तापामुळे. ते घरी पांघरूण घेऊन कण्हत पडले होते आणि एका बाईंना फोटो अगदी तातडीने हवा होता. वहिनींनी स्वतःच तो काढला आणि जीव मुठीत धरून आत जाऊन कॉम्प्युटर चालू केला. फोटो सुधारायचा प्रोग्रॅम उघडला आणि त्याने पहिल्यांदा विचारलं, 'तुम्ही कोण?' खाली तीन चौकोन होते: नवशिका, हौशी, उस्ताद. नवशिक्याच्या चौकोनावर एक गोल हसरा चेहरा होता आणि त्यावर बरोबरची खूण होती. रोज जे निवडलं जातं त्यावरच ती खूण राहते, एवढं वहिनींना कळत होतं.

त्यांनी तोच चौकोन दाबला. समोर लहान मुलांच्या पाटीवर असावीत अशी मोठमोठी तीन बटणं आली. पहिल्यावर लिहिलं होतं 'उजळ करा', दुसऱ्यावर 'रंग भरा' आणि तिसऱ्यावर 'सगळं छान करा'. वहिनींनी तिसरं दाबलं. एक चक्र फिरलं आणि बाईंचा फोटो थेट उस्तादांच्या हातचा झाला. तसाच गुळगुळीत गाल, तशीच पाठीमागे निळसर झाक. खाली एक ओळ आली, 'जुन्या फोटोच्या जागी नवा ठेवला आहे.' म्हणजे नवशिक्यांपुढे दोन फोटो ठेवले तर ते गोंधळतील, म्हणून प्रोग्रॅम मूळचा फोटो परस्परच पुसून टाकत होता. फोटो घेऊन जाताना बाई म्हणाल्या, "उस्तादांचा हातच वेगळा हो!"

वहिनी त्या दिवशी काउंटरवर बसून एकट्याच हसल्या, मग त्यांना रडू आलं, मग पुन्हा गिऱ्हाईक आलं. म्हणजे इतकी वर्षं हा गृहस्थ आत बसून एक बटण दाबत होता आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार? घरची अब्रू होती. शिवाय 'हाताचं काम आहे' हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने हजारदा सांगितलं होतं. तेव्हापासून त्या ते वाक्य नवऱ्याकडे न बघता म्हणायला लागल्या, एवढाच काय तो फरक पडला.

आता अशा माणसाने निदान तोंड तरी मिटून बसावं. पण संध्याकाळ झाली की स्टुडिओत उस्तादांचा दरबार भरायचा. फोटोचं वेड असलेली दोन-तीन मंडळी यायची. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी हाताएवढी लांब लेन्स घेतली होती आणि तिने ते तळ्यावरच्या एकाच बगळ्याचे फोटो काढायचे. बगळा कंटाळून उडून जायचा, डॉक्टर कंटाळत नसत. दुसऱ्या होत्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. त्यांना सूर्यास्ताची आवड होती, पण आहे तो सूर्यास्त त्यांना पुरत नसे. रंगाची पट्टी त्या शेवटच्या टोकापर्यंत ओढायच्या आणि मग आभाळावर कुणीतरी लाल शाईची बाटली उपडी केल्यासारखं दिसायचं. तिसरे अधूनमधून येणारे औषधाचे दुकानदार. ते फोटो काढतच नसत, फक्त कॅमेऱ्यांच्या किमती सांगत.

या सगळ्यांना उस्ताद झोडपून काढायचे. "हे काय केलंय? हे आभाळ आहे की जखम?" बाई ओशाळून हसायच्या. "डॉक्टर, तुम्ही अजून हौशीतच अडकलात. उस्तादवाला चौकोन उघडायची हिंमत करा जरा. तिथे एकेक पापणी वेगळी घेता येते." आणि मग ठरलेला उपदेश, "एक लक्षात ठेवा. मूळ फोटोला कधी हात लावायचा नाही. त्याची नक्कल करायची आणि नकलेवर काम करायचं. मूळ पुसणारा माणूस फोटोग्राफर नव्हे, खाटीक." डॉक्टर हे वहीत उतरवून घेत. वहिनी पाकिटांना गोंद लावत ऐकायच्या आणि त्यांच्या मनात यायचं, या माणसाला बोलताना जीभ कशी अडखळत नाही?

तर अशा या उस्तादांकडे एका सकाळी चौघांचं कुटुंब आलं. वडील मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर बसायचे, त्यामुळे त्यांना सगळे ऑपरेटर म्हणत. ते जन्मापासून आंधळे होते. काळा चष्मा, हातात पांढरी काठी, इस्त्रीचा शर्ट. बरोबर बायको, मुलगा आणि मुलगी. मुलगा जहाजावर नोकरीला होता. दोन दिवसांसाठी आला होता आणि दुपारीच परत निघणार होता. मुलगी नर्स झाली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूरच्या शहरात नोकरीवर रुजू व्हायला जाणार होती.

"चौघांचा एकत्र फोटो नाहीच आमच्याकडे," मुलीने वहिनींना सांगितलं. "दादा असतो तेव्हा मी नसते, मी असते तेव्हा दादा नसतो. आता मी तिकडे एकटीच राहणार. भिंतीवर लावायला तेवढा एक हवाय. संध्याकाळपर्यंत मिळेल ना हो, वहिनी? पहाटे गाडी आहे माझी."

"मिळेल म्हणजे काय, मिळेलच," वहिनी म्हणाल्या. त्यांना पोर आवडली होती.

फोटो काढताना वहिनी दिवा धरून उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, चष्मा काढा. घरी बसता तसं बसा." ऑपरेटरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांच्या पापण्या मिटलेल्या असत, थोड्या आत गेलेल्या. त्यांनी मान किंचित मुलांकडे वळवली, कारण मुलं त्या बाजूला कुजबुजत होती. उस्ताद कॅमेऱ्यामागून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे ओरडले, "काका, इकडे बघा! इकडे, माझ्याकडे!"

"बघतो की," ऑपरेटर म्हणाले. "तुम्ही म्हणाल तिकडे बघतो. मला सगळं सारखंच."

बायको आणि दोन्ही मुलं त्यांच्याकडे वळून खदखदून हसली आणि तेवढ्यात क्लिक झालं. वहिनी म्हणाल्या, "अहो, अजून एखादा घ्या." उस्तादांनी हात उडवला. "एकच. ज्याला येतं तो एकच घेतो." मुलगा तिथूनच बॅग उचलून गाडीला गेला.

दुपारी उस्तादांनी कार्डावरचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि कार्ड पुसून कॅमेऱ्यात परत घातलं. हसऱ्या चेहऱ्यावर टिचकी, तिसऱ्या बटणावर टिचकी, छापायला सोडला आणि पत्ते उघडले. छापलेला फोटो त्यांनी उलटाच पाकिटात सरकवला आणि पाकीट बाहेर वहिनींकडे दिलं. वहिनींपुढे पावतीसाठी माणसं उभी होती. त्यांनी ते ठेवून दिलं. आत काय आहे ते दोघांपैकी एकानेही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी दरबार ऐन रंगात आला असताना ऑपरेटर, त्यांची बायको आणि मुलगी आली. गिऱ्हाईक आणि प्रेक्षक दोन्ही एकदम हाताशी! उस्तादांना आणखी काय पाहिजे होतं? त्यांनी पाकीट स्वतःच्या हाताने मुलीला दिलं आणि नेहमीची टकळी सुरू केली. गिऱ्हाईक कुणीही असो, ती एकच असायची.

"काम मनासारखं झालंय. तीन तास बसलो होतो. आणि डोळ्यांवर सगळ्यात जास्त मेहनत घेतली. डोळे म्हणजे फोटोचा जीव."

वहिनींच्या हातातली कात्री थांबली.

"डोळ्यांवर?" ऑपरेटरांनी विचारलं. "माझ्याही?"

"तुमच्या तर खास!"

मुलीने फोटो बाहेर काढला होता. तिने तो आईला दाखवला. आईने तोंडाला पदर लावला. ऑपरेटर म्हणाले, "अगं, कसा आलोय सांग की."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुमचे डोळे उघडे आहेत."

वहिनी काउंटरवरून वाकल्या आणि त्यांना दिसलं. फोटोत ऑपरेटर टक लावून बघत होते. मिटलेल्या पापण्या दिसल्या की प्रोग्रॅमला वाटायचं माणसाने ऐन वेळी डोळे मिटले, आणि तो परस्पर डोळे उघडून द्यायचा. बुबुळं त्याने मुलाचीच उचलली होती, तपकिरी, तरतरीत. तो चेहरा ओळखीचाही होता आणि भलत्याच माणसाचाही.

ऑपरेटर हळूच म्हणाले, "तीन तास माझ्या डोळ्यांवर बसला होतात, उस्ताद. मी आंधळा आहे हे तेवढ्या वेळात कुठेच दिसलं नाही तुम्हाला?"

उस्तादांनी फोटो ओढून घेतला आणि पहिल्यांदाच बघितला. त्यांचा चेहरा पडला, पण तोरा काही पडला नाही. "सॉफ्टवेअरची गडबड आहे. हल्लीची सॉफ्टवेअरच भिकार."

"मग आधीचा द्या ना," मुलगी म्हणाली. "साधा. काही न केलेला."

"मूळ फोटो तर असणारच!" डॉक्टर उत्साहाने म्हणाले. "उस्तादांचा नियमच आहे." त्यांनी वही उघडून दाखवायची तेवढी बाकी ठेवली.

उस्ताद आत गेले. वहिनींना ठाऊक होतं की आत काही नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि सगळ्यांसमोर बायकोकडे बोट करून म्हणाले, "हिने हात लावलेला दिसतोय मशीनला. हजारदा सांगितलं, कळत नाही त्यात बोटं घालू नको म्हणून. मूळ फोटो पुसून टाकलाय."

भूगोलाच्या बाईंनी वहिनींकडे कीव आल्यासारखं बघितलं. दुकानदारांनी 'च्च' केलं. वहिनींना इतका संताप आला की कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं या माणसाचं दार राखलं, याच्या थापांना आपलं तोंड दिलं, आणि याने पहिल्याच अडचणीत आपल्यालाच पुढे केलं. त्यांनी कात्री ठेवली आणि उठून खोलीचं दार सताड उघडलं.

"या सगळे आत," त्या म्हणाल्या. "मी पुसलाय ना? बरं. उस्ताद आता हाताने पापण्या मिटवून देतील. एकेक पापणी वेगळी घेता येते. हो ना, डॉक्टर?"

"अगदी!" डॉक्टर म्हणाले. त्यांना खरोखरच शिकायचं होतं बिचाऱ्यांना.

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. उस्ताद खुर्चीत बसले. पडद्यावर अर्धा राहिलेला पत्त्यांचा डाव होता, तो त्यांनी घाईने बंद केला. प्रोग्रॅम उघडला आणि त्याने विचारलं, 'तुम्ही कोण?' हसऱ्या गोल चेहऱ्यावरची खूण सगळ्यांनी बघितली. भूगोलाच्या बाईंनी तर ती मोठ्याने वाचली, "नवशिका?" उस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिसरा चौकोन दाबला.

पडदा चारही बाजूंनी चिमुकल्या चित्रांनी भरून गेला. उस्ताद बाण इकडून तिकडे फिरवायला लागले, वीज गेल्यावर परक्या घरात दिव्याचं बटण चाचपावं तसे. एक चित्र दाबलं तर फोटो आडवा झाला. दुसरं दाबलं तर ऑपरेटरांच्या बायकोचा पदर हिरवा झाला. डॉक्टर खाली वाकून म्हणाले, "उस्ताद, तो ब्रश असावा बहुतेक." उस्तादांनी ब्रश घेतला आणि ऑपरेटरांच्या उजव्या डोळ्यावरून फिरवला. डोळ्यावर चिखलाचा फरकाटा उमटला. उस्तादांच्या कपाळावरून घाम गळत होता, तरी तोंडाने चालूच होतं, "हे मशीनच जुनं आहे. माऊस अडकतोय. उजेडही नाहीये पुरेसा."

'मला येत नाही' हे तीन शब्द म्हणायला त्यांना एवढं काय झालं होतं, देव जाणे. ते म्हटले असते तर तिथे कुणी त्यांना फासावर दिलं नसतं. ऑपरेटर तर मुळीच नाही.

"बास करा," मुलगी म्हणाली. "बाबांच्या तोंडाला काही लावू नका."

ऑपरेटर दाराशीच काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, मला एक सांगा. त्या छापलेल्या फोटोत ही तिघं कुठे बघतायत?"

"तुमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. "हसतायत तुमच्याकडे बघून."

"आणि मी?"

वहिनींनी फोटो हातात घेतला. खोटं बोलायची सवय त्यांना चांगली होती, पण त्या क्षणी जमलं नाही. "तुम्ही सरळ समोर. कॅमेऱ्याकडे."

"म्हणजे माझी माणसं माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांना सोडून उस्तादांकडे." ते थोडं हसले. "डोळे नव्हते तेव्हा मी तोंड पोरांकडेच केलं होतं."

फोटो परत काढावा तर मुलगा गाडीत बसून केव्हाच गेला होता आणि मुलीला पहाटे निघायचं होतं. मुलीने फोटो वहिनींच्या हातातून घेतला, डोळ्यांपुढे धरला आणि वडिलांच्या उघड्या डोळ्यांवर आपला अंगठा आडवा ठेवला. तशीच बराच वेळ बघत राहिली.

"असं धरलं की बाबाच आहेत," ती आईला म्हणाली. "असंच धरून बघत जाईन."

तिने फोटो पाकिटात घातला आणि वडिलांचा हात धरला. जाताना तिने पैशाचं विचारलं, वहिनींनी मानेनेच नाही म्हटलं. त्यांना पायरी उतरताना बघून वहिनींना फार लाज वाटली. आणि ती लाज उस्तादांच्या वाटणीची होती, तीही आपणच वाटून घेतोय, याचा पुन्हा राग आला.

दरबार पांगला. डॉक्टर वही विसरून गेले आणि ती न्यायला परत आले नाहीत. सगळे गेल्यावर उस्ताद शर्टाच्या बाहीने कपाळ पुसत म्हणाले, "लायटिंग मात्र चांगलं झालं होतं हं. ते कुणी बघितलं नाही." वहिनींनी खुर्चीवर चढून दारावरची पाटी काढली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

सकाळी उस्ताद नेहमीसारखे आत जाऊन बसले. दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं. थोड्या वेळाने एक गृहस्थ ओळखपत्राच्या फोटोसाठी आले. त्यांच्या भुवईवर जुनी खोक होती. वहिनींनी फोटो काढून झाल्यावर गृहस्थांनी विचारलं, "कधी मिळेल? उस्तादांचं काम म्हणजे संध्याकाळच ना?"

"नाही हो," वहिनी दारापलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आत्ता मिळेल. एक बटण तर दाबायचंय, डावीकडून तिसरं. बसा तुम्ही समोर. आधी मला तुमच्याकडे जरा बघू दे."

आतला पत्त्यांचा टकटक आवाज बंद झाला.